पिल्लू मेले कशाने, हे विचारणार कोण?

शंभर पिल्लांचा खोका गावात येतो तेव्हा सारी आळी बघायला जमते. भोकांच्या पुठ्ठ्यातून चिवचिव ऐकू येते, लेकरे बोटे घालून पाहतात, बाई जागा झाडून ठेवते. पुढच्या तीन-चार दिवसांत तीच बाई रोज सकाळी सुपात मेलेली पिल्ले वेचत असते. आधी दोन-चार, मग आठ-दहा, मग मोजायचेही सोडून देते. शेजारीपाजारी कारणे सांगतात. कोणी म्हणते, "ऊन लागलं असन." कोणी म्हणते, "मानमोडी आली वाटते." कोणी नजर लागली म्हणते. औषधाच्या दुकानात विचारले तर पाण्यात टाकायची पुडी मिळते. पुडी टाकली तरी पिल्ले मरतात, आणि जी जगतात ती पुडीमुळे जगली असे समजले जाते. मेलेली पिल्ले उकिरड्यात जातात आणि ती कशाने मेली याचा पुरावाही त्यांच्यासोबत जातो.

हे चित्र वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या वाचकांना नवे नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, तेव्हापासून सोयाबीन-तुरीच्या जोडीला जोडधंदा हवा हे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. ते खरेच आहे. एका पिकावर घर चालत नाही. दोन एकरवाल्याला म्हैस परवडत नाही, पण शंभर कोंबड्या परवडतात, आणि त्यातला पैसा बहुतेक घरांत बाईच्या हाती राहतो. म्हणून बचत गटांनी या धंद्यात हात घातला, म्हणून शासनाच्या योजनेत एक दिवसाच्या शंभर पिल्लांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची सोय झाली. पण निम्मे अनुदान म्हणजे निम्मा पैसा लाभार्थ्याचा. तो कुठून आला हे ज्या घराने उसनवारी केली त्यालाच ठाऊक. आठवड्यात अर्धा खोका रिकामा झाला की शासनाचा पैसा बुडतो आणि त्या घराचाही बुडतो. फरक एवढाच की शासनाच्या कागदावर वाटप झालेले असते.

आमचे म्हणणे असे की पिल्लांची मर हे कोडे नाही. पहिल्या आठवड्यातली मर ही बहुतेक वेळा आजारापेक्षा व्यवस्थेची चूक असते. ती चूक कोणाची हे मेलेले पिल्लू स्वतः सांगते. मात्र ते कोणत्या दिवशी मेले हे लिहून ठेवावे लागते आणि त्याचे पोट उघडून पाहावे लागते. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे क्वचितच होतात.

आधी हे लक्षात घ्यावे की थोडी मर होणारच. पहिल्या सात दिवसांत शंभराला एखादे पिल्लू जाणे हे चांगल्या फार्मवरही घडते. म्हणूनच शंभरामागे दोन पिल्ले जास्तीची घालून देण्याची या व्यापारात रीत आहे. पण ही दोन पिल्ले पुष्कळदा तोंड बंद करायच्या कामी येतात. वीस मेली तरी "दोन जास्त दिले होते ना" हे उत्तर तयार असते. तीन, चार, पाच असा आकडा चढू लागला की त्याला नशीब म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. तिथे कारण आहे आणि ते शोधले तर सापडते.

कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांत अंड्यातून बाहेर येते. बाहेर येण्याच्या थोडे आधी उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकते. निसर्गाने ही शिदोरी दिली ती आईला सगळी अंडी फुटेपर्यंत बसता यावे म्हणून. माणसाने तिचा उपयोग पिल्लांचे खोके लांबच्या गावाला पाठवायला केला. सगळा धंदा या शिदोरीवर उभा आहे आणि सगळा घोटाळाही तिथेच होतो. कारण शिदोरी आहे म्हणजे भूक-तहान नाही असे धरून चालतात. अंडे फुटून निघालेले पिल्लू यंत्रातच काही तास थांबते, मग खोक्यात, मग गाडीत, मग कुठल्या तरी चौकात लाभार्थ्यांची वाट पाहत. घरी पोचेपर्यंत शिदोरी संपत आलेली असते, पण वय मात्र "एक दिवस" एवढेच सांगितले जाते.

पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे राज्यात नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर इथे आहेत. खाजगी उबवणी केंद्रेही आपल्यापासून लांबच. नागपूरहून वाशिम अडीचशे किलोमीटरच्या घरात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि गाडी आता लवकर येते हे कबूल. पण मोठा रस्ता सोडल्यावरचा शेवटचा टप्पा अजून ॲपेत किंवा मोटारसायकलीच्या मागेच होतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना दुपारी दोनला खोका मोटारसायकलीवर बांधून आणला तर पिल्लू पोचते, पण सुकून पोचते. असे पिल्लू त्या दिवशी मरत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरते. पाणी न मिळाल्याने मूत्रपिंडे फुगून फिकट पडतात, काळजावर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. पोट उघडले तर हे डोळ्यांना दिसते. न उघडता "मानमोडी" म्हटले की गाडीवाला सुटला, खोका चौकात ठेवणारा सुटला आणि वेळ न कळवणाराही सुटला.

आता उबवणी केंद्राचा वाटा. घाणीने माखलेली अंडी यंत्रात घातली, यंत्र नीट धुतले नाही, ओलावा कमी-जास्त झाला तर पिल्लाची बेंबी नीट मिटत नाही. उघड्या बेंबीतून जंतू आत शिरतात आणि पोटातला बलक, जो शिदोरी व्हायचा, तोच नासतो. पिल्लाचे पोट फुगते, बेंबी ओली व काळपट दिसते, वास येतो. ही मर पहिल्या दिवसापासून सुरू होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसाला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. एकदा बलक नासला की वाचवण्यासारखे फार उरत नाही. पाळणाऱ्याचा यात दोष नाही. म्हणून खोका ताब्यात घेतानाच दहा-वीस पिल्ले उलटी धरून बेंबी पाहावी. काळी खपली, ओली बेंबी, मलूल डोळे, पाय सुकलेले अशी पिल्ले बाजूला काढून तिथल्या तिथे लिहून घ्यावीत. देणाऱ्याला हे आवडणार नाही. न आवडो. बाजारात वांगे घेताना आपण दाबून पाहतो, मग पिल्लू का पाहू नये?

इतके सांगूनही मरतुकीचे सर्वांत मोठे कारण बहुधा पाळणाऱ्याच्या घरातच असते, हेही सांगितले पाहिजे. ते कारण म्हणजे ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला आपल्या अंगाची उष्णता राखता येत नाही. त्याला सुमारे ९५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सियस लागतात, आणि दर आठवड्याला पाच-पाच अंश फॅरेनहाइट कमी करत न्यायचे असतात. जानेवारीत आपल्याकडे पहाटे किती थंडी असते ते रब्बीला पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा. त्या थंडीत टिनाच्या खोलीत, खाली गार फरशी आणि वर एक दिवा, एवढ्यावर शंभर पिल्ले ठेवली जातात.

त्यातही दिव्याची एक नवी गंमत झाली आहे. पूर्वी शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगत, तो उजेडापेक्षा ऊबच जास्त देई. एका पिल्लाला साधारण दोन वॅट या हिशेबाने शंभर पिल्लांना असे दोन बल्ब पुरत. आता घरोघर एलईडी आले, पिवळा बल्ब शोधावा लागतो. लोक उजेड सारखाच पडतो म्हणून नऊ वॅटचा एलईडी लावतात. खोली लख्ख दिसते आणि पिल्ले थंडीने गारठतात. एलईडी उजेडाला चांगला, विजेच्या बिलाला चांगला, पण ऊब देण्याच्या कामाचा नाही. ही एवढी साधी गोष्ट पिल्ले वाटताना तोंडी सांगितली तरी पुष्कळ पिल्ले वाचतील.

बरे, बल्ब योग्य लावला आणि मध्यरात्री लाईन गेली तर? पिल्ले ऊब शोधत कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात ढीग मेलेला सापडला आणि मेलेली पिल्ले चपटी, ओली असली तर रोग शोधत बसू नये. खोलीचे कोपरे पुठ्ठा किंवा पत्रा गोल उभा करून मोडून टाकावेत. लाईन गेल्यावर काय, हे दिवसाच ठरवावे. अनेक जण अशा वेळी कोळशाची शेगडी आत ठेवतात, दारे-खिडक्या बारदान्याने बंद करतात. हे तर माणसालाही घातक. कोळशाच्या धुरात जो न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू असतो त्याने पिल्ले झोपेतच मरतात आणि त्यांचे रक्त लालभडक दिसते. शेगडी ठेवायचीच तर वर झरोका उघडा हवा, निखारे बाहेर फुलवून मग आत न्यावेत आणि त्या खोलीत माणसाने झोपू नये.

ऊब बरोबर आहे की नाही हे सांगायला थर्मामीटर असला तर चांगले, नसला तर पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली, चिवचिवाट वाढला की थंडी. दिव्यापासून लांब पळाली, चोच उघडून धापा टाकू लागली की गरमी. सगळी एकाच बाजूला दाटली की दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असली की ठीक. दिवसा बघून उपयोग नाही, रात्री दोनला उठून एकदा बघावे. पहिले चार दिवस तरी.

खाण्यापिण्याचे सांगायचे तर आल्याबरोबर आधी पाणी. उन्हाळ्यात सिंटेक्सच्या टाकीतले तापलेले पाणी पिल्लू पीत नाही, तेव्हा माठातले द्यावे. भांडे उथळ हवे, नाही तर पिल्लू त्यात पडून बुडते किंवा भिजून गारठते. भांड्यात गोटे टाकले तरी काम भागते. मग कागद पसरून त्यावर मक्याचा भरडा किंवा चिक मॅश. कुटारावर टाकलेले खाद्य पिल्लाला सापडत नाही, ते कुटारच टोचते. संध्याकाळी पाच-दहा पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लाने खाल्ले, प्याले. कडक लागली तर खाल्ले पण पाणी मिळाले नाही. रिकामी असली तर त्याला ना खाद्य सापडले ना पाणी. ज्यांनी पहिल्या दिवशी खाल्लेच नाही ती पिल्ले शिदोरीवर तीन दिवस काढून चौथ्या-पाचव्या दिवशी मरतात आणि घरधनी म्हणतो, कालपर्यंत तर चांगली होती.

कुटाराचा विषय निघाला तर आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. भाताचे तूस आपल्याकडे विकत आणावे लागते, सोयाबीनचे कुटार दारात पडलेले असते. ते अंथरायला वापरतात, त्याला हरकत नाही, पण कोरडे असेल तर. परतीच्या पावसात भिजलेले, आतून पांढरी-हिरवी बुरशी धरलेले कुटार पिल्लांखाली टाकले की बुरशीचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. पिल्लू चोच वर करून, मान ताणून श्वास घेते. मेल्यावर फुप्फुसात पिवळट-पांढरे दाणे दिसतात. या दुखण्याला नावच 'ब्रूडर न्यूमोनिया' पडले आहे. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कुटार बदलणे हाच उपाय. बुरशी खाद्यातही असते. ओल्या मक्यात आणि शेंगदाण्याच्या ढेपेत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते ओळखले गेले तेच मुळी पाखरांच्या मरतुकीतून. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, कोणाला कारण कळेना. शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीशी माग लागला. आज माणसाच्या खाण्यातल्या शेंगदाण्यावर जी तपासणी होते तिची सुरुवात त्या मेलेल्या पाखरांपासून आहे.

शोधले की सापडते याचे याहून जुने उदाहरण पांढऱ्या हगवणीचे आहे. पिल्लाच्या शेपटीखाली पांढरी घाण चिकटून बसते, पिल्लू आक्रसून उभे राहते आणि मरते. काही पिल्ले अंड्यातून निघतानाच मरतुकडी असतात, पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत मर चालते. अमेरिकेत कळपच्या कळप यात जात आणि लोक हवा, खाद्य, थंडी यांना दोष देत. १९००च्या सुमारास लिओ रेटगर या जंतुशास्त्रज्ञाने मेलेल्या पिल्लांतून जंतू वेगळा केला. मग उलगडले की जी पिल्ले वाचतात तीच मोठी होऊन अंडी घालतात आणि त्या अंड्यातून जंतू पुढच्या पिढीत जातो. म्हणजे औषध पिल्लाला देऊन फायदा नव्हता, आई शोधायला हवी होती. कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब आणि रंगीत अँटिजेनचा एक थेंब काचेवर मिसळला की दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात किंवा दिसत नाहीत. गुठळ्या दिसल्या ती कोंबडी कळपातून काढायची. एवढ्या साध्या परीक्षेवर तिथे १९३५ पासून देशभर कार्यक्रम चालवला गेला आणि व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. ही परीक्षा आपल्या देशातही माहीत आहे, उपलब्ध आहे. आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या पिल्लांच्या आया तपासलेल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न खोका घेणाऱ्याने विचारायचा असतो, हेच मुळात त्याला कोणी सांगत नाही.

देशी कोंबडीवाल्यांनाही यात धडा आहे. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना आपण मोठी अंडी निवडतो, पण कोणत्या कोंबडीची ते पाहत नाही. जिच्या पिल्लांत दरवेळी पांढरी हगवण लागते तिची अंडी खायला वापरावीत, उबवायला ठेवू नयेत. बाकी खुडूक कोंबडी ऊब, वारा, ओलावा हे सगळे आपल्यापेक्षा चांगले सांभाळते. तिच्या पिल्लांचे वैरी वेगळे: मांजर, मुंगूस, घार, कावळा आणि उंदीर. तिथे पिल्लू मेलेले सापडत नाही, मोजणीत कमी भरते. पहिले पंधरा दिवस दिवसाही डालग्याखाली ठेवले तर निम्मे नुकसान टळते हे आपल्या आज्यांना माहीत होते.

राहिली मानमोडी. तिचे इंग्रजी नाव न्यूकॅसल, पण आपल्या देशात ती उत्तराखंडातल्या राणीखेत इथे १९२७-२८च्या सुमारास ओळखली गेली म्हणून राणीखेत. रोग भयंकर आहे, लस टोचलीच पाहिजे, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा थेंब दिलाच पाहिजे. पण लस दिलेल्या कोंबड्यांच्या पिल्लांना पहिल्या काही दिवसांत आईकडून आलेले संरक्षण असते. तेव्हा तिसऱ्या दिवशीची मर मानमोडीच्या नावावर खपवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. लस न मिळालेल्या गावरान कोंबड्यांच्या पिल्लांची गोष्ट वेगळी.

कारण न शोधता औषध देण्याचा दुसरा तोटा जास्त खोल आहे. गारठलेल्या पिल्लाला अँटिबायोटिक दिले तर ते काही गरम होत नाही. पण पहिल्या दिवसापासून पाण्यात औषध टाकायची सवय लागली की जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात आणि तेच जंतू माणसापर्यंत येतात. कॉलिस्टिन हे माणसांच्या शेवटच्या उपायातले औषध कोंबड्यांना सर्रास दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. दुकानातल्या पुडीवर काय लिहिले आहे ते निदान वाचून घ्यावे.

मग करावे काय? मेलेले पिल्लू उघडून बघणारा माणूस हवा. पशुवैद्यकाला यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. कात्री, चांगला उजेड आणि पंधरा मिनिटे पुरतात. बलक नासला की नाही, पोट रिकामे आणि पित्ताशय फुगलेले आहे का, मूत्रपिंडे कशी आहेत, फुप्फुसात दाणे आहेत का, एवढे पाहिले तरी बहुतेक प्रकरणांचा निकाल टेबलावरच लागतो. शंका राहिली तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. वाशिमहून ८० किलोमीटरच्या आसपास. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. मात्र नमुना नेण्याची रीत असते. रात्री मेलेले आणि दुपारपर्यंत उन्हात पडलेले पिल्लू कोणत्याही प्रयोगशाळेत नेले तरी ते फक्त सडलेले असते. ताजे मेलेले दोन-तीन आणि आजारी जिवंत दोन-तीन न्यावेत. मेलेले दुहेरी पॉलिथिनमध्ये, बाहेरून बर्फ लावून, पण गोठवू नये. सोबत मूठभर खाद्य आणि एका कागदावर: पिल्ले कधी आली, कुठून आली, रोज किती मेली, काय औषध दिले. हात न झाकता मेलेल्या पक्ष्याला लावू नये. आणि मोठ्या कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर उघडण्याच्या भानगडीत न पडता १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा दवाखान्यात कळवावे.

कारण ते काय असू शकते हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा इथे पाच-सहा दिवसांत सहा हजारांवर ब्रॉयलर कोंबड्या मेल्या. नमुने गेले, अहवाल आला, बर्ड फ्लू निघाला. मग सगळी यंत्रणा गावात उतरली. ते योग्यच होते. २००६ साली नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला जे झाले त्यानंतर कोणीही हलगर्जी करू नये. भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत नमुना नेण्याची साखळी आपल्याकडे आहे, हे यातून सिद्धच झाले. आमचा प्रश्न एवढाच की हजारोंनी कोंबड्या मेल्यावर जी साखळी हलते, तिची पहिली कडी शंभरातली चाळीस पिल्ले मेल्यावर का हलू नये? शिवाय खेड्यातल्या बाईला पाच पिल्ले मेल्यावर दवाखान्यात जायची सवय असेल, तरच पुढचा बर्ड फ्लू सहा हजारांवर जायच्या आधी कळेल.

करार पद्धतीने ब्रॉयलर पाळणाऱ्यांचे दुखणे थोडे निराळे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत आपली. मर ठरलेल्या टक्क्यावर गेली की पाळण्याचा दर कापला जातो. पहिल्या आठवड्यात मेलेली पिल्ले बेंबीने मेली की ऊब कमी पडल्याने, यावर शेतकऱ्याचे हजारो रुपये ठरतात, आणि तो निवाडा बहुतेक वेळा कंपनीचा सुपरवायझर देतो. वादी-प्रतिवाद्यांपैकी एकानेच न्यायाधीश व्हावे असा हा प्रकार. सरकारी पशुवैद्यकाचा दोन ओळींचा शवविच्छेदन अहवाल हाती असेल तर शेतकऱ्याला निदान बोलायला तोंड राहील. करारात तशी ओळ घालून घ्यावी, पहिल्या सात दिवसांची मर वेगळी मोजली जावी, असा आग्रह पाळणाऱ्यांनी एकत्र येऊन धरायला हवा.

जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या पशुसंवर्धन विभागाकडे आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक तालुक्यात एका दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस सकाळी मेलेली पाखरे उघडून पाहण्याची वेळ जाहीर करावी आणि त्याची वही ठेवावी. योजनेची पिल्ले वाटताना पिल्ले अंड्यातून निघाल्याचा दिवस व वेळ, आणि आया पांढऱ्या हगवणीसाठी तपासल्याचा दाखला खोक्यावर असावा. मे महिन्यात आणि कडाक्याच्या थंडीत एक दिवसाच्या पिल्लांचे वाटप करूच नये. त्याच योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर देण्याचीही सोय आहे. ज्या घरी ऊब देण्याची व्यवस्था नाही तिथे तलंगाच द्याव्यात, संख्या कमी दिसली तरी चालेल. किंवा गावातल्या एखाद्या बचत गटाला ऊब देण्याचे काम शिकवून, महिनाभर पिल्ले सांभाळून मग इतरांना विकू द्यावीत. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रशिक्षण तिथे होऊ शकते, आणि ते भाषणाचे न होता रात्री दोन वाजता पिल्लांच्या खोलीत उभे राहून व्हावे.

वाटपानंतर पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी कोणी तरी त्या घरी जावे. किती मेली, कोणत्या दिवशी मेली, हे आकडे तालुक्यावर जमा झाले की कळेल की एकाच गाडीतून आलेल्या दहा घरांत सारखीच मर आहे की एका घरातच आहे. दहाही घरांत चौथ्या दिवशीच पिल्ले गेली असतील तर दहा बायांना दोष देण्यापेक्षा उबवणी केंद्र आणि गाडी तपासावी लागेल. एकाच घरात गेली असतील तर तिथला बल्ब बघावा लागेल. पिल्ले घेणाऱ्या प्रत्येकीने तोपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याचा हिशेब लिहितो तिथेच, रोजच्या तारखेखाली मेलेल्या पिल्लांचा आकडा लिहायला सुरुवात करावी. पुढचे वाटप लागेल तेव्हा ते पान सोबत घेऊन जावे.